नुसतं ‘क्वेंच झाला’ लिहून भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुपरकंडक्टिंग मॅग्नेट (अतिथंड ठेवल्यामुळे रेझिस्टन्स शून्य झालेल्या कॉइलचा चुंबक) बंद पडला की बातमीत हमखास ‘क्वेंच झाला’, म्हणजे कॉइल तापून तिला अचानक रेझिस्टन्स आला, एवढंच येतं आणि विषय तिथेच मिटतो. पण क्वेंच कधी ना कधी होणारच, मॅग्नेट तो सोसेल असाच बनवलेला असतो, खरा प्रश्न हा की त्या क्षणी चढलेलं व्होल्टेज इन्सुलेशनने पेललं का. एरवी रेझिस्टन्स शून्य, कॉइलवर व्होल्टेज जवळपास नाहीच, त्यामुळे कच्चं इन्सुलेशन वर्षानुवर्षं लपून राहतं आणि नेमकं क्वेंचच्या वेळी उघडं पडतं.

बाहेर हवेत मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला तर सगळं ओके दाखवतो हो, पण आत परिस्थिती वेगळी, व्हॅक्यूम जरा बिघडला आणि थंडाव्यासाठीचा थोडा हेलियम झिरपला की त्या विरळ हेलियममध्ये दोनशे व्होल्टच्याही खाली स्पार्क पडू शकतो! आणि तो पडतो कुठे, तर बऱ्याचदा सेन्सरच्या बारीक वायरी बाहेर निघतात तिथे, जिथे टेप हाताने गुंडाळलेली असते आणि इपॉक्सीत एखादी फट राहून जाते. म्हणून वेगवेगळ्या प्रेशरला हाय व्होल्टेज देऊन बघायची पाशेन टेस्ट हवीच. वेळखाऊ आहे, खर्चिक आहे, पण त्यात काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे.

मार्च 2015 मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या एलएचसी या महाकाय पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटरमध्ये, बीम (कणांचा झोत) सोडायच्या ऐन तोंडावर, डायपोलच्या (बीम वळवणाऱ्या मॅग्नेटच्या) एका सर्किटला अर्थ फॉल्ट आला, म्हणजे सर्किट अर्थला टेकलं. मॅग्नेट 1.9 केल्विनला (उणे 271 अंश सेल्सिअस), उघडायचा तर अख्खा सेक्टर, म्हणजे यंत्राचा तो मोठा भाग, गरम करून परत थंड करायचा, म्हणजे कित्येक आठवडे गेले असते. त्यांनी खोलायची घाई केली नाही, आधी मोजमाप करून जागा शोधली, मग एक्स-रे काढला, तर डायोडपाशी (क्वेंचच्या वेळी करंट मॅग्नेटला वळसा घालून नेणारा भाग) धातूचा बारकासा तुकडा अडकलेला. साधारण 400 अँपिअर करंट काही मिलिसेकंद सोडून तो फ्यूजसारखा उडवला आणि 5 एप्रिलला बीम फिरला. मला याहून मोलाचं वाटतं ते पुढचं काम, 2018 च्या शेवटी सुरू झालेल्या शटडाऊनमध्ये त्यांनी सगळ्या 1232 डायपोलच्या डायोडचं इन्सुलेशन सुधारून घेतलं, फक्त त्या एकाचं नाही.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या वेळी अशी बातमी देताना फॉल्ट नेमका कुठे होता, तो आधीच्या टेस्टमध्ये का सापडला नाही आणि तसेच बाकीचे मॅग्नेट तपासले का, हे तुमच्या प्रतिनिधींनी जरूर विचारावं.

आपला,
एक वाचक