डावांच्या फाइली सर्वांना उघडता याव्यात

महोदय,

जुलै २०२५ मध्ये दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि माझ्या आठवीतल्या नातीने माळ्यावरचा पट खाली काढायला लावला. सरावासाठी घरात २०११ चा संगणक होता, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली. "काका, बुद्धिबळाला विंडोजच लागतं," असे एका दुकानदाराने सांगितले. हे खरे नाही, एवढे कळायला मला तीन आठवडे लागले.

स्टॉकफिश हे जगातल्या सर्वांत बलाढ्य बुद्धिबळ इंजिनांपैकी, म्हणजे चाली शोधणाऱ्या प्रोग्रामांपैकी एक. ते मोफत आहे, त्याचा कोडही सर्वांना खुला आहे. मी आधी ते थेट इंटरनेटवरून उतरवले. सुरू केले की लगेच बंद पडे. तिथे प्रोसेसरनुसार वेगवेगळ्या फाइली असतात. मी घेतलेली एव्हीएक्स-२ ही जलद आकडेमोडीची सोय असलेल्या प्रोसेसरसाठी होती आणि इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ती सोय २०१३ पासून आली. मग मिंटच्याच सॉफ्टवेअर मॅनेजरमधून बसवले. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, नाव टाइप केल्यावर चालू झाले, पण पट नाही, मोहरे नाहीत, फक्त लुकलुकणारा कर्सर. इंजिन फक्त चाली शोधते, पट दाखवणारा प्रोग्राम वेगळा घ्यावा लागतो. तिथूनच स्किड नावाचा तसा प्रोग्राम घेतला, त्याला स्टॉकफिश जोडले. त्या रात्री नात हरलेला डाव लावून बसली आणि अकराव्या चालीवर ओरडली, "आजोबा, हत्ती इथे यायला हवा होता!"

अडले ते पुढे. नातीच्या बुद्धिबळ शिबिरात मुलांना अभ्यासाला दिलेले डाव फक्त विंडोजवर चालणाऱ्या एका महागड्या सॉफ्टवेअरच्या फाइलींत होते. आमच्याकडे उघडले नाहीत. तिच्या दोन मैत्रिणींकडे तर नुसता मोबाइल आहे. पीजीएन ही पद्धत १९९३ पासून आहे: डाव साध्या मजकुरात लिहिलेला, कुठल्याही यंत्रावर वाचता येणारा. डाव त्या रूपात साठवायची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते.

शिबिरे आणि स्पर्धा घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की डाव पीजीएनमध्येही द्यावेत. आपल्या क्रीडा पानावरून हे त्यांच्यापर्यंत पोहोचावे. नातीच्या प्रशिक्षकांना मी भीत भीत विचारले, तर त्यांनी रविवारच्या आत सगळे डाव पाठवले.

– एक निवृत्त शिक्षक, सांगली