पाण्याखालचा आवाज कोण मोजणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या खाडीच्या तोंडाशी होणाऱ्या एका जेटीच्या कामाची जनसुनावणी झाली, जेटी कुठली ते लिहीत नाही कारण प्रश्न एका जेटीचा नाहीच. अहवालाची जाडजूड फाईल ग्रामपंचायतीत ठेवलेली, दोन दुपार बसून मी ती वाचली. त्यात आवाजाचं अख्खं प्रकरण आहे. शाळेजवळ किती डेसिबल, देवळाजवळ किती, एसटी स्टँडवर किती, दिवसा किती, रात्री किती, सगळं मोजलंय. पण खांब ठोकणार पाण्यात आणि पाण्यातला एकही आकडा त्यात नाही. मी उभा राहून विचारलं तर उत्तर मिळालं, पाण्यात वस्ती नाही.

वस्ती आहे हो. आम्ही ज्याला गादा म्हणतो तो पाठीवर कुबड असलेला राखाडी डॉल्फिन किनाऱ्याला धरूनच राहतो, उथळ पाण्यात, खाडीच्या मुखाशी, म्हणजे जिथे जेट्या होतात, गाळ काढतात, जहाजं वळतात नेमका तिथेच. जगभरात ही जात धोक्यात आलेली म्हणून नोंदलेली आहे आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. आमच्याकडच्या गढूळ पाण्यात त्याला डोळ्यांचा उपयोग थोडाच, तो टिक-टिक आवाज काढतो आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून मासा कुठे, खडक कुठे, आपलं पिल्लू कुठे ते ओळखतो. कान गेला की त्याचं सगळंच गेलं.

पाण्यात आवाज किती चालतो हे आमच्या जुन्या लोकांना पुस्तक न वाचता माहीत होतं. माझे बाबा वल्ह्याचं पातं पाण्यात धरून दांड्याला कान लावायचे आणि ढोमा माशांचा थवा खाली आहे की नाही ते सांगायचे, कारण ढोमा पोटातल्या हवेच्या पिशवीने गुरगुरतो. मी लहान असताना मलाही ऐकवलं होतं, लांब कुठेतरी कोणी दार खरवडतंय असं वाटायचं. आता त्याच जागी कान लावला की फक्त इंजिनं ऐकू येतात. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात जवळपास १५०० मीटर, आणि खोल घुमणारा आवाज तर मैलोन्‌मैल पोचतो. (हवेतले डेसिबल आणि पाण्यातले डेसिबल यांची मोजपट्टी वेगळी असते, त्यामुळे शाळेजवळचा आकडा पाण्याला लावून चालत नाही.)

मग लोखंडी खांबावर हातोडा पडतो तेव्हा काय होत असेल. जर्मनीत समुद्रात पवनचक्क्या उभारताना ७५० मीटरवर एका ठोक्याचा आवाज १६० डेसिबलच्या वर जाता कामा नये असा नियम आहे, म्हणून तिथे खांबाभोवती तळाला भोकं पाडलेली नळी टाकून हवा सोडतात, बुडबुड्यांची भिंत तयार होते आणि आवाज तिच्यात अडकतो. तेल शोधायला हवेच्या तोफा डागत सर्व्हे करतात तिथे ब्रिटनमध्ये आधी किमान अर्धा तास माणूस डेकवर उभा राहून बघतो, ५०० मीटरच्या आत देवमासा, डॉल्फिन दिसला तर सुरू करायचं थांबतात आणि सुरुवातही हळूहळू आवाज वाढवत करतात म्हणजे जनावराला लांब जायला वेळ मिळतो. आपल्याकडेही मुंबई हाय १९७४ पासून आहे, समुद्रातलं काम आपल्याला काही नवीन नाही.

हे सगळं उगाच नाही. २००८ साली मादागास्करच्या एका खाडीत शंभरच्या आसपास मेलनहेड जातीचे छोटे देवमासे शिरून अडकले, बरेच मेले, आणि पुढे २०१३ मध्ये स्वतंत्र तज्ज्ञांनी सांगितलं की जवळच तेल कंपनीसाठी पाण्यात आवाज सोडून तळ मोजणारं सोनार यंत्र चालू होतं तेच बहुधा कारण. आणि उलट बाजूही बघा, सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर काही दिवस जहाजं कमी झाली तेव्हा कॅनडाच्या फंडी उपसागरात पाण्याखालचा आवाज ६ डेसिबलने उतरला आणि तिथल्या राइट व्हेल जातीच्या देवमाशांच्या विष्ठेत ताणाचं हार्मोनही कमी सापडलं. म्हणजे आवाज कमी केला की लगेच फरक पडतो.

२०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत आलं होतं, ते आवाजामुळे आलं असं मी म्हणत नाही, पण त्याला परत पाण्यात ढकलायला माणसं रात्रंदिवस राबली ते सगळ्यांनी बघितलंय. एवढा जीव लावणारी माणसं इथेच आहेत. तरी आमच्याही चुका आहेत. या थंडीत माझ्या होडीपासून दोन वावांवर, म्हणजे दहा-बारा फुटांवर, गाद्याची मादी आणि पिल्लू वर आलं, मी इंजिन बंद केलं होतं, दोघांचा श्वास फुस्स फुस्स ऐकू येत होता, तेवढ्यात पर्यटकांची स्पीडबोट थेट अंगावर आली आणि दोघं बुडाली ती पार लांब वर आली. बोटवाला माझ्याच गावचा, पोटासाठी करतो, त्याला मी शिव्या घालणार नाही, पण शंभर मीटर आधी स्पीड कमी करून इंजिन न्यूट्रल करायला डिझेल लागत नाही.

म्हणून माझी मागणी मेरिटाईम बोर्ड, वन विभाग आणि पर्यावरण खात्याकडे आहे. किनाऱ्यावर जेटी असो, बंदर असो, गाळ काढणं असो, काम सुरू व्हायच्या आधी वर्षभर पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, टाकून आवाज मोजा आणि आकडे मराठीत गावात लावा, ठोकाठोकीच्या वेळी बघणारा माणूस ठेवा, त्या कामाला गावातला तांडेलच, म्हणजे होडीचा प्रमुखच, घ्या कारण पाठीचा पंख कुठे दिसतो ते त्याला लांबून कळतं, आणि गादा दिसला तर हातोडा थांबवायचा अधिकार त्याच्या हातात द्या. आमच्या जेटीची पुढची सुनावणी पावसाळ्यानंतर आहे. तोपर्यंत अहवालात पाण्यातला एक तरी आकडा यावा.

एक मच्छीमार वाचक,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग