रडणाऱ्या पिल्लाला घराबाहेर काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भाताची सुगी आटोपून थंडी पडायला लागली की आमच्या बेळगावातल्या वडगाव, शहापूर भागात घरोघरी कुत्र्याची पिल्लं येतात. कोणी येळ्ळूरच्या शिवारातून उचलून आणतं, कोणी हौसेनं पैसे मोजून मुधोळ जातीचं शिकारी कुत्रं आणतं. आठवडा होत नाही तोच त्यातली काही गटारीच्या कडेला कुडकुडताना दिसतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, रात्रभर रडतंय, झोपू देत नाही. त्यात एखादं वडीलधारं माणूस म्हणतं, दारात कुत्रं रडणं चांगलं नव्हे. झालं, पिल्लू रस्त्यावर.

अहो, त्यात कसला अपशकुन? कालपर्यंत आईच्या पोटाशी, भावंडांच्या अंगावर पडून झोपणारा जीव आज सोप्यातल्या गार फरशीवर एकटा पडलाय. तो आईला हाक मारतोय. आपलं बेळगाव अडीच हजार फुटांच्या आसपास उंचीवर, पहाटेचा गारठा माणसाला सोसत नाही. मुधोळच्या कुत्र्याचे तर केसही आखूड. शिवाय बरेच जण पिल्लाचे डोळे उघडले की लगेच घेऊन येतात. आठ आठवडे तरी ते आईजवळच राहायला हवं. त्याआधी पिल्लू विकायला 2017 च्या केंद्राच्या नियमांत मनाई आहे.

पहिले काही दिवस पिल्लाला आपल्या अंथरुणाशेजारी झोपवा. पुठ्ठ्याचं खोकं, तळाला पोतं, वर जुन्या वाकळेचा तुकडा एवढं पुरतं. आईजवळचं एखादं फडकं आणता आलं तर फारच चांगलं, त्याला तिचा वास असतो. रडायला लागलं की नुसता हात खाली सोडायचा. हाताला नाक लावून ते गप्प होतं. सवय झाली की खोकं रोज थोडं थोडं सोप्याकडे सरकवायचं. गच्चीवर साखळीनं बांधून वर काठी आपटली तर ते आणखी भेदरतं.

आमच्या घरी कापड विणायचे माग आहेत. आमचं पिल्लू मागाच्या खोलीच्या दाराशी, एवढ्या खटखटीत, शेपटीत नाक खुपसून गाढ झोपायचं. लाईट जाऊन माग थांबले की मात्र डोकं वर काढून कुंई कुंई सुरू! तेव्हापासून रात्री मी टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून चालू ठेवायला लागले. त्या एकसुरी घरघरीत गल्लीतल्या कुत्र्यांचं भुंकणं त्याच्या कानावर फारसं पडत नाही, आणि ते दचकून उठत नाही.

बरंचसं रडणं लघवीचं असतं, हे तर कोणी ध्यानातच घेत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीनेक तासांपेक्षा जास्त धरवत नाही. झोपण्याआधी परसात न्या, मध्यरात्री पुन्हा एकदा न्या. तेव्हा लाड नाहीत, खेळ नाही, मोठा दिवा नाही. काम झालं की परत खोक्यात. महिनाभरानं ही मध्यरात्रीची फेरी हळूहळू पुढे ढकलता येते. रात्रीचं खाणं झोपायच्या दोन-तीन तास आधी आटपा. कौतुकानं वाटीभर गाईम्हशीचं दूध पाजू नका, बऱ्याच पिल्लांना ते पचत नाही, जुलाब होतात आणि रात्र जागरणात जाते.

मुलांनाही सांगायला हवं. एवढं लहान पिल्लू दिवसातले अठरा ते वीस तास झोपतं. दिवसभर या हातातून त्या हातात फिरवलं तर ते दमून चिडचिडं होतं आणि रात्री जास्तच किरकिर करतं. दुपारी त्याला निजू द्या, खेळवायचं ते संध्याकाळी.

आमच्याकडे घराला घर लागून, भिंती सामाईक. पिल्लू आणायच्या आधी शेजारच्या काकूंना, मामांना सांगून ठेवा की आठ-दहा रात्री आवाज होईल. आधी सांगितलं की माणसं सोसतात, असा माझा अनुभव आहे.

मात्र रडण्याबरोबर उलट्या, रक्ताचे जुलाब असले किंवा पिल्लू खात-पीत नसलं तर ते एकटेपणाचं रडणं समजून बसू नका. पार्व्हो हा विषाणूचा आजार असू शकतो, लस न झालेली पिल्लं त्यानं दोन-तीन दिवसांत दगावू शकतात. त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या.

आपल्या अंकात एखाद्या पशुवैद्यांकडून जंताचं औषध कधी द्यायचं, पार्व्होची आणि रेबीजची लस कधी टोचायची, एवढं चौकटीत छापाल का? थंडी सरायच्या आत छापलंत तर यंदाच्या पिल्लांना उपयोग होईल.

आपली,
एक वाचक भगिनी, वडगाव, बेळगाव