कन्फर्मेशन झालं म्हणजे शिकणं संपलं का?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या ख्रिस्ती समाजातली एक गोष्ट मला फार दिवसांपासून खटकते. संडे स्कूल, मग पंधराव्या-सोळाव्या वर्षी कन्फर्मेशनचा, म्हणजे आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीचा क्लास, दहा आज्ञा पाठ, विश्वासांगीकार पाठ, पहिलं प्रभुभोजन घेतलं, फोटो काढला की झालं. पुढची पन्नास वर्षं बाकावर बसून नुसतं ऐकायचं.

माझी आई ७८ वर्षांची आहे, रोज पहाटे भिंग घेऊन बायबल वाचते. माझा धाकटा भाऊ वारला त्या वर्षी ती बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात अडकली, म्हणजे गुरंढोरं, मुलंबाळं सगळं गमावलेल्या एका भल्या माणसाच्या गोष्टीत. आम्हाला लहानपणी शिकवलेलं की देवाने ईयोबाला सगळं दुप्पट परत दिलं, विषय संपला. आईने ओळीवर बोट ठेवून मोजलं, मेंढरं सात हजारांची चौदा हजार झाली, उंट तीन हजारांचे सहा हजार, पण मुलं आधी दहा आणि नंतरही दहाच, मग पहिल्या दहांचं काय? एका बैठकीत तिने हे विचारलं तर उत्तर मिळालं, आजी असे प्रश्न काढू नका, विश्वास ठेवा. ती गप्प बसली. मला ते अजून लागतं.

कित्येक महिन्यांनी मेथी निवडता निवडता ती एकदम म्हणाली, "मेंढरं मेली ती गेलीच, म्हणून दुप्पट दिली. पोरं कुठं गेली, ती देवाजवळच आहेत की, दहा तिथं नि दहा इथं." बरोबर का चूक ते अभ्यासकांनी सांगावं, पण हे तिला संडे स्कूलच्या वयात सुचलं नसतं, त्यासाठी पोटचा पोरगा जावा लागला.

आणि प्रश्न विचारणं म्हणजे विश्वास कच्चा हे कुणी ठरवलं? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, आणि त्यानंतरही त्या तिथल्या मठातल्या सिस्टर लोकांशी त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून, पत्रांतून वाद घालत होत्या, कुणी सांगितलं म्हणून मान्य करणाऱ्या त्या नव्हत्याच. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनीच स्वतः लिहून ठेवलंय. एवढी विद्वान बाई हे मोकळेपणी कबूल करते! पुढे मूळ शास्त्र वाचायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या आपल्या मुक्तिसदन आश्रमात साध्या बायकांना समजेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवत राहिल्या. १९२२ ला त्या गेल्या, ते बायबल १९२४ ला निघालं. प्रभु येशूसुद्धा बारा वर्षांचा असताना मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता, हे आपण मुलांना शिकवतो पण मोठ्यांना ती मुभा देत नाही.

माझी सगळ्या पाळकसाहेबांना कळकळीची विनंती आहे, महिन्यातून एक रविवार उपासनेनंतर तासभर मोठ्या माणसांचा वर्ग घ्या, उपदेश नको, एक अध्याय वाचायचा आणि ज्याला जे अडलं ते विचारायचं. खर्च काही नाही, मोठ्या अक्षरांची चार-पाच बायबलं आणि गोल मांडलेल्या खुर्च्या. दर प्रश्नाला उत्तर आलंच पाहिजे असंही नाही, "मलाही हे कळलं नाही, आपण मिळून बघू" एवढं पाळक म्हणाले तरी माणसं पुढच्या वेळी येतील.

आई सध्या बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायावर आहे. तिने दोन प्रश्न वहीत लिहून ठेवलेत.

आपला,
एक वाचक, श्रीरामपूर