ब्रश आधी वाळू द्या, मग दिव्याखाली ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अतिनील (यूव्ही) किरणांनी टूथब्रश निर्जंतुक करणारी छोटी डबी आता अनेक घरांत बेसिनवरच्या भिंतीला चिकटलेली दिसते. ती वापरण्याची सर्रास पद्धत अशी: दात घासून झाले, ब्रश नळाखाली धरल्यासारखा केला, पाणी ठिबकत असतानाच खाचेत अडकवला आणि झाकण लावले. तीन मिनिटे जांभळा उजेड पडतो, दिवा विझतो आणि ब्रश पुढच्या घासण्यापर्यंत त्याच ओल्या, बंद जागेत उभा राहतो. डबीचा सगळा फायदा एवढ्यानेच जातो. त्यापेक्षा साध्या पेल्यात उघडा ठेवलेला ब्रश बरा, तो निदान वाळतो तरी. अमेरिकन डेंटल असोसिएशनचा सल्लाही हाच आहे: ब्रश स्वच्छ धुवा, उभा ठेवा, उघड्या हवेत वाळू द्या आणि रोज बंद डबीत कोंडू नका.

यंत्र घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. मात्र ते काय करू शकते आणि काय नाही, हे कळल्याशिवाय घेतले तर घरात फक्त एक खोटा दिलासा येतो.

आधी शब्दच पाहू. ‘निर्जंतुक’ म्हणजे एकही जिवंत जंतू शिल्लक नाही. शस्त्रक्रियेची हत्यारे दाबाखालच्या वाफेत तशी केली जातात. घरगुती डबी जंतूंची संख्या कमी करते, इतकेच. खोक्यावर ‘९९.९ टक्के’ असे ठळक छापलेले असते. तो आकडा खरा धरला तरी दहा लाख जंतूंमधले एक हजार उरतात. जंतू दुपटीने वाढतात, त्यामुळे दहा वेळा दुप्पट झाले की हजाराचे पुन्हा दहा लाख होतात. ही दुप्पट होण्याची गती ओल आणि खाद्य यांवर अवलंबून असते. म्हणून किती मारले याइतकेच, मागे ओल किती ठेवली हेही महत्त्वाचे.

आता ब्रशचे डोके डोळ्यांजवळ धरून पाहा. तीस-चाळीस झुपके, प्रत्येक झुपका मधोमध दुमडून धातूच्या बारीक तुकड्याने भोकात ठोकलेला. झुपक्याच्या मुळाशी पांढरट, खडूसारखी कड दिसते. ती वाळलेली पेस्ट, आणि तिच्यात लाळ व अन्नाचे कण. टोकाला अंगठा लावून झुपका वाकवला की आतून पाण्याचा एक थेंब वर येतो. जंतूंचा खरा मुक्काम या मुळाशी असतो आणि किरण नेमके तिथेच पोचत नाहीत. अतिनील किरण सरळ रेषेत जातात, समोरचा केस मागच्या केसावर सावली पाडतो आणि पेस्टचा थर त्यांना अडवतो. स्वच्छ पाण्याचा पातळ पापुद्रा फारसा आड येत नाही, गढूळ फेस मात्र येतो. तेव्हा नळाच्या धारेखाली अंगठ्याने केस उलटसुलट वाकवत अर्धा मिनिट धुणे हे कोणत्याही दिव्याइतकेच मोलाचे काम आहे.

खरेदी करताना पहिला प्रश्न तरंगलांबीचा. जंतूंच्या डीएनएला इजा करणारे किरण यूव्ही-सी गटातले, म्हणजे २०० ते २८० नॅनोमीटरचे. पाऱ्याच्या नळीचा दिवा २५४ नॅनोमीटरच्या आसपास काम करतो, एलईडी साधारण २६० ते २८० या पट्ट्यात. खोक्यावर नुसते ‘यूव्ही’ लिहिलेले असेल तर थांबा. ३९५ ते ४०५ नॅनोमीटरचे स्वस्त एलईडी छान जांभळे दिसतात, पण काही मिनिटांत ब्रश साफ करण्याची ताकद त्यांच्यात नाही. यूव्ही-सी मुळात डोळ्यांना दिसतच नाही. दिव्यातून दिसणारा फिकट निळा उजेड सोबत आलेला असतो, आणि काही डब्यांत तर तो केवळ शोभेच्या वेगळ्या दिव्याचा असतो. म्हणजे गडद जांभळा उजेड ही ताकदीची खूण नव्हे. नोट किंवा पांढरा कागद आत ठेवून चमकतो का, हे पाहण्याची युक्तीही फसवी आहे, कारण यूव्ही-ए, म्हणजे जास्त तरंगलांबीच्या अतिनील किरणांखालीही तो चमकतो. खात्री हवीच असेल तर यूव्ही-सी लागल्यावर रंग बदलणारी चाचणीची पट्टी मिळते. ती ब्रशच्या डोक्याच्या जागी ठेवून एक फेरी चालवावी.

दुसरा प्रश्न मात्रेचा. किरणांची तीव्रता गुणिले सेकंद म्हणजे मात्रा. ब्रशच्या जागी तीव्रता ०.१ मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटर असेल, तर १८० सेकंदांत दर चौरस सेंटिमीटरला १८ मिलिज्यूल मिळतात. उघड्यावर पडलेल्या बऱ्याच जिवाणूंना ही मात्रा चांगली झोडपते. बुरशीला आणि बीजाणूंना मात्र कितीतरी जास्त लागते, आणि सावलीतल्या जिवाणूला यातले जवळजवळ काहीच मिळत नाही. अंतराचा हिशेब तर निर्दयी आहे. एलईडीसारख्या बिंदूवजा दिव्यापासून दोनऐवजी चार सेंटिमीटरवर ब्रश गेला की तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. चार-पाच खाचा आणि मधोमध एकच दिवा अशा डबीत कडेच्या ब्रशांना काय मिळत असेल, याचा अंदाज यावरून करता येईल. प्रत्येक खाचेसमोर स्वतंत्र एलईडी किंवा डोक्यांच्या ओळीला समांतर नळी असलेली रचना घ्यावी. केस दिव्याकडे तोंड करून बसतात ना, हेही पाहावे. कित्येक डब्यांत ब्रश पाठमोरा बसतो आणि किरण प्लॅस्टिकच्या पाठीवर पडत राहतात. आतला पत्रा चकचकीत ॲल्युमिनियमचा असेल तर किरण परतून दुसऱ्या बाजूलाही पोचतात. साध्या काचेचा आरसा इथे कामाचा नाही, कारण साधी काच यूव्ही-सी गिळून टाकते. याच कारणाने ब्रशवर प्लॅस्टिकची टोपी ठेवून तो डबीत घालणे व्यर्थ आहे.

तिसरी गोष्ट, झाकण उघडताच दिवा बंद झाला पाहिजे. यात तडजोड नको. यूव्ही-सी डोळ्यांत गेले तर त्या वेळी काहीच जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. त्वचाही भाजल्यासारखी लाल होते. घरात लहान मूल असेल तर झाकणाची ही कळ दुकानातच दोन-तीनदा तपासावी, तीही आत न डोकावता: झाकण आपल्यापासून दूर वळवून उघडावे आणि बाहेरचा दर्शक दिवा लगेच विझतो का, ते पाहावे. वापरताना उग्र, विजेच्या ठिणगीसारखा वास आला तर तो ओझोनचा असू शकतो. १८५ नॅनोमीटरचे किरण सोडणाऱ्या नळीमुळे तो तयार होतो. असे यंत्र बंद खोलीत चालवू नये.

वापराचा क्रम आम्ही असा सुचवू. ब्रश वर सांगितल्याप्रमाणे धुवा, बेसिनच्या कडेवर चार-पाचदा आपटून पाणी झटका आणि उभा ठेवून उघड्या हवेत वाळू द्या. दमट हवेत याला बरेच तास लागतात. पुढच्या वेळी घासण्याआधी वाळलेला ब्रश डबीत ठेवून एक फेरी चालवा आणि लगेच बाहेर काढा. घाई असेल आणि यंत्राला गरम हवेचा पंखा असेल तर ओला ब्रशही चालेल. पण फेरी संपल्यावर केसांच्या मुळाशी बोट लावून पाहा. गार आणि ओले लागले तर पंखा पुरत नाही असे समजा. एका डबीत घरच्या सगळ्यांचे ब्रश ठेवताना त्यांची डोकी एकमेकांना चिकटता कामा नयेत. हा नियम पेल्यालाही तितकाच लागू आहे, फक्त तिथे तो कोणी पाळत नाही.

विजेच्या ब्रशचे डोके दांड्यापासून काढून वेगळे धुवावे. जोडाच्या खळग्यात पाणी साचून काळी बुरशी धरते आणि तिथवर कोणताही किरण जात नाही.

डबीचीही निगा लागते. तळाशी ठिबकणारे पाणी जमणाऱ्या भागात चिकट थर साचतो. आठवड्यातून एकदा तो भाग काढून साबणाने धुवावा आणि पूर्ण कोरडा करून बसवावा. दिव्याच्या नळीवर पेस्टचे शिंतोडे उडाले की तिथली तीव्रता घटते. वीज काढून, दिवा थंड झाल्यावर, मऊ कापड स्पिरिटने किंचित ओले करून नळी पुसावी. ती उजळते म्हणजे काम करते असे मात्र समजू नये. दिसणारा उजेड तसाच राहतो आणि यूव्ही-सी हळूहळू कमी होत जाते. चार्जिंगच्या डबीत बॅटरी उतरली की असेच होऊ शकते. ब्रशचे प्लॅस्टिकही या किरणांनी पिवळे आणि ठिसूळ पडते, त्यामुळे एकामागून एक चार फेऱ्या चालवण्याचा सोस नको. पाऱ्याची नळी फुटली तर खिडक्या उघडाव्यात, झाडू किंवा व्हॅक्यूम लावू नये, तुकडे जाड कागदाने गोळा करून बंद भांड्यात ठेवावेत आणि ते घातक कचऱ्यात द्यावेत.

यंत्राऐवजी ब्रश उकळणारेही आहेत. उकळत्या पाण्यात नायलॉनचे केस मऊ पडून फाकतात आणि फाकलेले केस दातांच्या फटीत नीट शिरत नाहीत. मायक्रोवेव्हमध्ये ब्रश मुळीच ठेवू नये: झुपके धरणारे धातूचे तुकडे ठिणग्या टाकू शकतात, दांडा वितळू शकतो. औषधी द्रवात बुडवायचेच असेल तर क्लोरहेक्सिडीनचे ०.१२ किंवा ०.२ टक्क्यांचे माउथवॉश एका वाटीत, केस बुडतील इतके, आणि वीसेक मिनिटे. पेस्ट आधी पूर्ण धुतलेली हवी, कारण पेस्टमधला फेस आणणारा घटक क्लोरहेक्सिडीनला निकामी करतो. एका वाटीत एकच ब्रश, आणि वापरलेला द्रव फेकून द्यायचा. तोच द्रव रोज वापरला तर दूषित होतो. केसांवर तपकिरी डाग पडतात, त्याने बिघडत काही नाही.

हे सगळे कोणासाठी? निरोगी माणसाला स्वतःच्याच ब्रशवरच्या जंतूंमुळे आजार होतात, असा ठोस पुरावा नाही. ते जंतू बहुतांशी त्याच्याच तोंडातले असतात. केमोथेरपी चालू असलेल्या, अवयव प्रत्यारोपण झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. त्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावे, आणि यंत्र घेतले तरी ब्रश नेहमीपेक्षा लवकर बदलावा. बाकीच्यांनी तीन ते चार महिन्यांनी, किंवा केस त्याआधीच फाकले तर तेव्हाच, नवा ब्रश घ्यावा. जुना, फाकलेला ब्रश कितीही किरणांखाली ठेवला तरी दात स्वच्छ करत नाही.

आपल्या दैनिकात घरगुती उपकरणांविषयी लिहून येते आणि त्यांच्या जाहिरातीही छापल्या जातात. अशा डबीविषयी छापताना विक्रेत्याला तीन आकडे विचारावेत आणि वाचकांपुढे ठेवावेत, अशी आमची विनंती आहे: तरंगलांबी किती नॅनोमीटर, ब्रशच्या जागी एका फेरीत किती मिलिज्यूल, आणि ‘९९.९ टक्के’ हा आकडा काचेच्या सपाट पट्टीवर मोजला की वापरलेल्या, पेस्ट लागलेल्या ब्रशवर.

आपले,
दंतआरोग्याच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक