लालबागच्या काकांना, गोठ्यातल्या लग्नाबद्दल

प्रिय काका,

तुमचं नाव लिहीत नाहीये. तुम्हीच म्हणालात, "फोटो टाक पण नाव नको, मग गणपतीच्या सीझनला लग्नाचे फोन येतात." पण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ठेवतो, माणसं थांबलीत" करून कट करता, त्यामुळे इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता करा कट.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काका लालबागला गणपती मंडळांचे देखावे करतात. माझ्या धाकट्या बहिणीला लग्न परीकथेतल्यासारखं हवं होतं. हॉल नको, लॉन नको. तिकडे परदेशात शेतावरच्या मोठ्या लाकडी कोठारात करतात ना, बसायला गवताचे चौकोनी गठ्ठे, काचेच्या बरण्यांत दिवे, वरून झुंबर आणि नवरी येणार भोपळ्याच्या बग्गीतून, तसं. आणि हे सगळं मे महिन्यात, कर्जतच्या पुढे, आमच्या मामाच्या गोठ्यात! दादरच्या घरात आठवडाभर हाच जोक चालला होता, बाबा म्हणे शेण कोण काढणार, आत्या म्हणे परी येईल गं पण वरपक्षाला एसी लागतो. एका इव्हेंटवाल्याने तर गोठ्याचे फोटो बघून सुचवलं की शेजारच्या शेतात "गोठ्यासारखा दिसणारा" डोम उभा करू, खरा गोठा मागे झाकून टाकू. खर्चाचा आकडा बघून बाबांनी पंखा वाढवायला सांगितला.

मग कोणाच्यातरी ओळखीने आम्ही तुमच्या वर्कशॉपला आलो. तुम्ही लग्नाची कामं घेत नाही हे माहीत होतं, वर्षभर देखावेच करता, त्यामुळे फारशी आशा नव्हती. तुम्ही तिच्या मोबाईलमधले सेव्ह केलेले सगळे फोटो शांतपणे बघितलेत, चष्मा डोक्यावर सरकवलात आणि विचारलंत, "गोष्ट कुठली?"

ती म्हणाली, परीकथा.

"तो प्रकार झाला. गोष्ट कुठली ते सांग. मंडळाच्या पोरांना पण मी पहिलं हेच विचारतो, गोष्ट ठरली नसेल तर नुसतं डेकोरेशन होतं, माणसं बघतात आणि पुढे जातात."

काका, मला खरं तर या एका प्रश्नाचेच आभार मानायचेत. बाकी सगळं तुम्ही भारीच केलंत, ते सांगतेच, पण त्या दिवसापर्यंत बँकेत नोकरी करणाऱ्या, ईएमआय भरणाऱ्या माझ्या बहिणीला तिच्या हट्टाबद्दल कोणीही एक सरळ प्रश्न विचारला नव्हता. सगळे एकतर हसत होते नाहीतर रेट सांगत होते. तुम्ही वहीचं कोरं पान काढलंत. ती घरी येताना टॅक्सीत रडली, हे तिने तुम्हाला सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगतेय.

भोपळ्याचं म्हणाल तर तुम्ही एका वाक्यात निकाल लावलात. "आपल्याकडे भोपळ्यात म्हातारी बसते. घरात म्हातारी आहे का?" आहे ना. आमची आजी, दोन्ही गुडघे गेलेले, आणि डांबरी रस्ता संपतो तिथून गोठ्यापर्यंत बांधावरून चालत जायचं, गाडी जातच नाही. तिला खुर्चीत बसवून उचलून न्यायचं असं ठरत होतं आणि ती म्हणत होती मग मी येतच नाही, मी काय पालखीतला देव आहे का. तुम्ही बैलगाडीवर बांबूच्या कामट्यांचा भोपळा बांधलात, वरून मांजरपाट, त्यावर कागदाच्या लगद्याचे थर, मग रंग. थर्माकोलचा विषय बाबांनी काढला तेव्हा तुम्ही असे बघितलंत त्यांच्याकडे! २०१८ ला बंदी आली तेव्हा बरेच जण हात चोळत बसले, तुम्ही म्हणालात बरं झालं, कामटी वाकवता येणाऱ्या माणसाला परत किंमत आली.

आणि बैल! हे मला कधीच सुचलं नसतं. भोपळ्याचा नुसता सांगाडा तुम्ही आधीच मामाकडे पाठवलात आणि बैलांच्या समोर ठेवायला सांगितलात, रोज बघू देत म्हणे, ऐन वेळी अंगावर एवढं मोठं केशरी काहीतरी आलं तर बुजतील. मामा म्हणाला हा माणूस मुंबईचा वाटत नाही.

आजी नऊवारी नेसून, नथ घालून, गॉगल लावून (तो माझा होता, अजून परत मिळालेला नाही) भोपळ्यातून आली. बांधावर तुम्ही पोरांना मुखवटे देऊन लपवलं होतंत, एक लांडगा, एक अस्वल, दोन वाघ कारण भांडण झालं. त्यांनी गाडी अडवली आणि आजीला म्हणाले, "तुम्हाला खातो." गोष्टीतली म्हातारी म्हणते, "लेकीकडे जाते, तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग खा मला." आमच्या आजीने वाघाला विचारलं, "तुझ्या आईने जेवायला घातलं नाही का तुला?" आणि पर्समधला पेढा दिला. वरपक्षाकडची मंडळी तोवर जरा अवघडून उभी होती, गोठ्यात लग्न म्हणजे काय असेल काय नाही म्हणून. त्यानंतर वराचे काका स्वतः मुखवटा मागायला आले.

आता गोठ्याबद्दल. फोटोतली ती कोठारं उंच असतात, वर माळ्यावर गवत साठवायचं असतं त्यांना. आपला गोठा कोकणातल्या पावसाचा, उतरतं कौलारू छप्पर, वळचण इतकी खाली की उंच माणसाने वाकूनच आत जायचं. त्यात झुंबर कुठे लावणार! तुम्ही पहिल्या दिवशी फक्त हातोडीने तुळया आणि वासे ठोकून बघत फिरलात, कान लावून, वाळवी कुठे लागलीय ते, आणि म्हणालात या आढ्याला मी फुलांच्या वर एक ग्रॅम टांगणार नाही. बहिणीचा चेहरा पडला. मग तुम्ही बाहेरचा बहावा दाखवलात, मेमध्ये असा लटकतो ना पिवळाधमक, हे घे म्हणालात, झुंबर, फुकट. लग्न त्याच्या खाली लावायचं, गोठ्यात बसायचं आणि जेवायचं. ऑर्किडची ऑर्डर कॅन्सल झाली, चाळीस डिग्रीत दुपारपर्यंत मान टाकतात म्हणे. त्याऐवजी दादरच्या फुलबाजारातून पहाटेची कर्जत लोकल पकडून मोगरा आणि सोनचाफा आला, मोगऱ्याचा सीझनच तो, आणि गाई बांधायच्या दावणीला गजरे गुंडाळले, गव्हाणीत बर्फ भरून पन्ह्याचे आणि कोकम सरबताचे ग्लास ठेवले. गव्हाणीपाशी उभं राहून सासरेबुवांनी किती ग्लास प्यायले ते आमच्या घरात अजून काढतात.

उकाड्याचं पण सांगायला हवं, कारण लोक विचारतात एसीशिवाय कसं जमलं. तुम्ही दोन्ही बाजूंचे वरचे त्रिकोण उघडे करायला लावलेत, वर्षानुवर्षं पत्रे ठोकून बंद केले होते ते. गरम हवा वर जाते, तिला वरूनच वाट दिली की खालून वारा येतो, बस एवढंच. वाळ्याचे पडदे मी सुचवले होते, तर म्हणालात विदर्भात लाव, तिथे कोरडी हवा, इथे आधीच घाम सुकत नाही त्यात अजून ओल कशाला. चार काचेची कौलं बसवलीत त्यातून दुपारी उन्हाचे जे पट्टे पडत होते पेंढ्यावर, फोटोग्राफर वेडा झाला.

पेंढ्यावरून आठवलं, तुमचा राग एकदाच दिसला, लाइटवाल्या पोराने हॅलोजन आणले तेव्हा. पेंढा आणि हॅलोजन एका छपराखाली? सगळे परत पाठवलेत आणि लोहार चाळीतून एलईडीच्या माळा मागवल्यात, गोठ्यातला सगळा सुटा पेंढा उतरवून लांब उडवीवर नेलात, बसायचे गठ्ठे घट्ट बांधून त्यावर जाड गोधड्या, दाराशी वाळूच्या बादल्या, पाण्याची पिंपं, जनरेटर पार विहिरीपलीकडे. नवरीच्या एंट्रीला ते थंड ठिणग्यांचं कोल्ड पायरो लावू या म्हणून माझा नवरा मागे लागला होता. "अहो जावईबापू, नावात कोल्ड आहे म्हणून गार नसतं ते, धातूची पूड जळते त्यात." विषय संपला. रात्री तिथेच चहा पिताना तुम्ही सांगितलंत की १९८२ च्या संपात वडिलांची गिरणी गेली, शाळा सुटली आणि तुम्ही पहिलं काम केलंत ते एका मंडपवाल्याकडे, वायरी गुंडाळायचं. तेव्हापासून वायर कशी टाकलीय हे आधी बघता, मग देखावा.

ताडपत्रीवरून बाबा तुमच्याशी वाद घालत होते, मेमध्ये कसला पाऊस. तुम्ही म्हणालात एरवी मुंबईत मान्सूनची तारीख ११ जून, पण २०२५ ला २६ मेलाच आला होता ना, आणि वळीव तर कोणालाच विचारत नाही. आला की मग वळीव, आदल्या रात्रीच, ढगांच्या गडगडाटासकट. पेंढा कोरडा, गोधड्या कोरड्या, बाबा गप्प.

मुहूर्त गोरज होता. गोरज म्हणजे गाई घरी यायची वेळ आणि आपण तर त्यांच्याच घरात लग्न लावतोय, हे भटजींसकट कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, तुमच्या आलं. मागे तात्पुरती शेड बांधून गाईंना आधीपासून तिकडे बांधायची सवय लावलीत. सगळ्या शहाण्यासारख्या गेल्या, फक्त कपिला नाही. चौथ्या मंगलाष्टकेला ती बहाव्याखाली आली, अंतरपाटाच्या बाजूला उभी राहिली आणि वराच्या मुंडावळ्यांतला मोगरा खायला लागली. भटजी थांबले, सगळे थांबले, आणि तुम्ही मागून ओरडलात "चालू द्या, तिचंच घर आहे!" व्हिडिओत तुमचा आवाज स्पष्ट येतो, आम्ही तो भाग रोज बघतो.

आणि काजवे. जेवणं चालू असताना तुम्ही सगळ्या माळा बंद केल्यात, लोक ओरडले, लाइट गेली का, जनरेटर बघा. मग दिसायला लागले. पाऊस पडून गेल्यामुळे विहिरीकडच्या झाडांवर नुसते लखलखत होते. मामा म्हणाला नर चमकून मादीला बोलावतो, आपले दिवे चालू असले की त्यांना एकमेकांचं दिसत नाही. तुम्ही माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवलात, "जावईबापू, हे खरं कोल्ड पायरो. यात उष्णता जवळजवळ नसतेच." त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. वरपक्षाची मुंबईला जाणारी मंडळी शेवटची लोकल सोडून बसली आणि मामीला पन्नासेक माणसांची अंथरुणं करावी लागली, तिचे आभार वेगळे मानतेय, तिला आमरसाचं मोठं पातेलं पण धुवायला लागलं.

आता कामाचं. भोपळा अजून मामाकडेच आहे. त्यात कोंबड्या अंडी घालतायत, मामा म्हणतो राहू दे, पण तुमचा सांगाडा परत हवा असेल तर श्रावणाआधी सांगा, टेम्पो आम्ही करतो. बहीण आणि तिचा नवरा तुमच्याकडे कामट्या तासायला येतो म्हणतायत रविवारी, त्याला तासता येत नाही, पण हात आहेत, लगदा कालवायला लावा. आजी विचारते गणपतीला या वर्षी कुठली गोष्ट करताय, तिच्याकडे दोन-तीन आहेत.

आणि काका, बिल. कामट्यांचे, कापडाचे आणि पोरांच्या मजुरीचे घेतलेत, तुमचे स्वतःचे धरलेच नाहीत. बाबांनी दोनदा विचारलं, तुम्ही विषय बदललात. आता सगळे वाचतायत. आकडा पाठवा.

तुमची,
नवरीची ताई