सांगली केंद्रही इतिहासातच येतं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

१३ फेब्रुवारीला, जागतिक रेडिओ दिनी, आपण रेडिओच्या इतिहासाला एक पूर्ण पान दिलंत. मी ते दोनदा वाचलं. २३ जुलै १९२७ ला सुरू झालेलं मुंबई केंद्र, १९३६ मधलं ऑल इंडिया रेडिओ हे नामकरण, १९५७ ची विविध भारती, मग खासगी एफएम. सगळं बरोबर. पण मुंबई-पुण्याबाहेरच्या महाराष्ट्रातही रेडिओ बोलत होता, याचा त्या पानावर मागमूस नाही. मला ते लागलं, कारण १९७९ ते १९८४ अशी पाच वर्षं मी आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर नैमित्तिक निवेदिका होते. लग्न होऊन ठाण्याला आले, तेव्हापासून चरईत राहते.

सांगली केंद्र ६ ऑक्टोबर १९६३ ला सुरू झालं. त्याआधी १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं चालवली होती. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, त्यावर बोलायचे आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. आपल्या पिकाबद्दल, आपल्या बोलीत कुणी बोललं की माणूस कान देतो, हे तिथे दिसलंच होतं.

१२५१ किलोहर्ट्झ ही सांगली केंद्राची लहरसंख्या. एवढं म्हटलं तरी कृष्णाकाठच्या माझ्या वयाच्या माणसाला पुढची उद्घोषणा आठवते. आमचं काम त्या उद्घोषणेच्या पुढे सुरू व्हायचं. बाजारभाव वाचताना राजापुरी हळद, गूळ, शेंग, प्रत्येकाचा आधी किमान दर, मग कमाल, आणि तोही सावकाश. आकडा चुकला तर उद्या माल घेऊन येणाऱ्याच्या पोटावर पाय येईल, असं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पावसाळ्यात कोयना धरणातून सोडलेलं पाणी आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. आमचं माहेरचं घर गावभागात, नदीपासून हाकेवर. पाणी चढत असायचं, कागदावरचा आकडा वाचताना डोळ्यांपुढे घराचा उंबरा यायचा, आणि आवाज मात्र हलू द्यायचा नाही.

सगळ्यात जास्त आठवतात ती भजनी मंडळं. पहाटेच्या एसटीने यायची, पखवाज धोतरात गुंडाळलेला. टाळवाल्यांना माईकपासून लांब, भिंतीलगत बसवावं लागे, नाहीतर बुवांचा आवाज बुडायचा. स्पूल, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या टेपची रिळं, महाग असत. कार्यक्रम प्रसारित झाला की टेप पुसून पुन्हा वापरायची, ही त्या काळी देशोदेशीच्या रेडिओची रीत होती. मोठ्या गवयांचं गाणं त्यातून वाचलं. खेड्यातल्या मंडळांचं कोण वाचवणार?

म्हणून ते उरलं असेल तर लोकांच्या घरात. गेल्या वर्षी आमच्या इमारतीतल्या, मूळच्या पलूसच्या एका काकूंनी माळ्यावरून कॅसेट काढली. त्यांच्या भावाने रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली. वडिलांच्या मंडळाचं भजन, मधेच कुकरची शिट्टी, आणि सुरुवातीला मंडळाचं नाव सांगणारा आवाज माझा! वडिलांच्या आवाजाची दुसरी कुठलीही खूण त्यांच्याकडे नाही. फितीला बुरशी लागली होती. माझ्या भाच्याने बुरशी पुसून फीत दुसऱ्या कॅसेटमध्ये बसवली आणि कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. तरी शेवटची चार मिनिटं गेलीच. काकू अजून त्या चार मिनिटांबद्दल हळहळतात, आणि मीही.

ठाणे, कळवा, घणसोली, कोपरखैरणे इथे कृष्णाकाठची कितीतरी कुटुंबं आहेत. वाशीच्या बाजारातल्या माथाडींच्या घरांत विचारलं तरी पुष्कळ निघेल. कोकणातल्या मंडळींकडे १९७७ साली सुरू झालेल्या रत्नागिरी केंद्राचं काही ना काही असेल. माझी विनंती एवढीच, की आपण एक चौकट छापावी: रेडिओवरून भरलेल्या कॅसेट, केंद्रांकडून आलेली पत्रं, कार्यक्रमाची करारपत्रं, स्टुडिओतले फोटो, जे असेल ते कळवा. सोबत गाव, मंडळाचं नाव आणि आठवत असेल ते साल लिहा. बुरशी लागलेली कॅसेट मात्र घरच्या टेपमध्ये लावून बघू नका, फीत अडकली तर तुटते.

माझ्याकडे १९८१ ची ड्यूटीची डायरी आणि सात कॅसेट आहेत. आपण सांगाल त्या दिवशी मी त्या स्वतः कार्यालयात घेऊन येईन. उतरवून झाल्या की परत मात्र हव्यात.

आपली,
एक निवृत्त निवेदिका,
चरई, ठाणे (पश्चिम)